बोगद्यातले माहेर

मी एक जुना रेल्वे बोगदा आहे, मित्रांनो, आणि मी रागावलो आहे. मला तोंडे दोन असली तरी जीभ एकही नाही, म्हणून इतकी वर्षे गप्प राहिलो. आज सांगतो.

खोल दरीच्या कडेने, नदीच्या वर, आम्ही काही बोगदे एकामागून एक आहोत. भावंडांत मी सर्वांत लांब आणि सर्वांत वाकडा. माझ्या एका तोंडातून दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसत नाही. हे वळण कुणी हौसेने घातलेले नाही. मला खोदताना मध्ये असा कातळ लागला की सुरुंगही थकले. मग माणसे त्याला वळसा घालून पुढे गेली. काही पुढे गेली, काही तिथेच राहिली. ज्यांनी नकाशा काढला त्या साहेबांचे नाव माझ्या कमानीवर कोरले आहे. राहिलेल्यांची नावे कुणी विचारलीही नाहीत. तो माझा पहिला राग.

पुढे गाड्या धावू लागल्या. रूळ तपासायला गँगमन रोज माझ्या पोटातून चालत. मी इतका अरुंद की गाडी आली की डबा आणि भिंत यांच्यात वीतभरच जागा उरायची. म्हणून भिंतीत ठरावीक अंतरावर कोनाडे खोदले होते, दोन माणसे अंग चोरून उभी राहतील एवढे. गँगमन त्यांना 'माहेर' म्हणत. सासरी जीव नकोसा झाला की पोरगी माहेरी पळते, तसे आपण इथे पळायचे, असे त्यांचा मुकादम सांगे. शिटी ऐकू आली की तो हाळी देई, "माहेर गाठा रे!" वळणावरच्या कोनाड्याच्या डोक्यावर तर कुणीतरी चुन्याने मोठ्या अक्षरांत 'माहेर' लिहूनच ठेवले.

नंतर पलीकडून सरळ मार्ग झाला आणि माझे रूळ गंजले. वटवाघळे आली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, ती निदान भिंतीवर स्वतःचे नाव खरवडत नाहीत.

मग एक दिवस दरीचे उद्यान झाले. मला धुतले, रंगीत दिवे लावले, रुळांच्या मध्ये चालण्यासाठी फळ्या टाकल्या. त्याच रुळांवरून बॅटरीची गाडीही सुरू केली. तिचे डबे शोभेचे आणि चांगले रुंद. ती शिटी देत नाही, गाणे वाजवते. गाडी बाहेर उभी असेल तेव्हाच पायी माणसे आत सोडायची, असा नियम होता. चुन्याची अक्षरे कुणी पुसली नाहीत, पण कुणी समजूनही घेतली नाहीत. गाइडने त्यावर गोष्ट रचली: एक नववधू माहेरी निघाली, बोगद्यात वाट चुकली, अजून वाट पाहते आहे. लोकांना गोष्ट आवडली. व्यवस्थापकांनी त्या कोनाड्यात प्लास्टरची नवरी आणून बसवली. कोनाडा गच्च भरला. समोर उभे राहून लोक फोटो काढू लागले.

परवा त्या मुकादमाची मुलगी आली. आता ती आजी आहे, गुडघे धरून चालते. बरोबर नात, जिला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. लहानपणी आजी वडिलांना भाकरी द्यायला आत येई, तेव्हा त्यांनी शिकवले होते की हात भिंतीवरून सरकवत चाल, हात पोकळीत गेला की तिथे माहेर. आजी परवाही तशीच चालत होती. गाइडची गोष्ट ऐकून ती आधी हसली, मग तिने खरे काय ते सांगितले. गाइड म्हणाला, "आजी, लोकांना गोष्ट लागते. घाम कोण ऐकतो?"

सगळे पुढच्या तोंडातून बाहेर निघून गेले. या दोघी मागे रेंगाळल्या, कारण आजीला भिंत सोडवत नव्हती. तेवढ्यात मागच्या बाजूने गाणे ऐकू आले. बाहेर गर्दी वाढली म्हणून आतली माणसे न मोजताच गाडी सोडली होती. भिंगरी त्या गाण्यावर नाचू लागली. आजीच्या मानेला मात्र वारा लागला. बोगद्यात गाडीच्या आधी तिचा वारा येतो.

"भिंगरे, माहेर गाठ," ती म्हणाली आणि पोरीला ओढत कोनाड्यापाशी आली. कोनाड्यात नवरी उभी होती.

मित्रांनो, माझ्याजवळ हात असते तर मी ती नवरी स्वतः उचलून फेकली असती. आजीने दोन्ही हातांनी तिचा खांदा धरला आणि सारे वजन टाकून बाहेर ओढली. नवरी रुळांवर कोसळली. आजीने नातीला आत कोंबले, स्वतः तिच्यावर पाठ टेकली, आणि डबे तिच्या पदराला चाटून गेले. चाकांखाली नवरीचा भुगा झाला.

व्यवस्थापक धावत आले. त्यांची नजर आधी भुग्यावर गेली. "आजी, एवढी घाई कसली? गाडी थांबलीच असती की."

आजीला अजून धाप लागली होती. ती म्हणाली, "कुठे थांबलीय ते बघून या. मग बोलू."

गाडी कोनाड्याच्या पुढे थांबली होती. शेवटचा डबासुद्धा. व्यवस्थापकांनी पाहिले, पण बोलायला ते परत आले नाहीत. आजी नातीचा हात धरून लंगडत बाहेर पडली. कुणी तिला बसायला खुर्चीही दिली नाही.

आता नवीन नवरी येणार आहे. जुनी फारच हलकी होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ही दगडाची असेल आणि सिमेंटमध्ये पक्की बसेल, म्हणजे कुणाला हलवता येणार नाही. काल गवंडी येऊन कोनाड्याचे माप घेऊन गेला.

मित्रांनो, मला रंग नको, दिवे नकोत, खोटी गोष्ट तर मुळीच नको. जुन्या वस्तूची काळजी घेणे म्हणजे तिच्यात काहीतरी भरणे नव्हे. काही जागा रिकाम्या ठेवण्यासाठीच माणसांनी रक्त आटवलेले असते. तुम्ही सहलीला याल तेव्हा त्या दगडी नवरीसमोर फोटोसाठी हसू नका. व्यवस्थापकांना बोलवा आणि त्यांच्या डोळ्यांत बघून विचारा, "काका, आत्ता गाडी आली तर आम्ही कुठे उभे राहायचे?"