पदरावरचं चांद्रयान

वडगावात घरोघरी पॉवरलूम खडखडू लागले तरी परसूअण्णानं हातमाग सोडला नव्हता, आणि ताठा तर मुळीच सोडला नव्हता. पॉवरलूमवाल्यांना तो विणकरच मानत नसे. "बटन दाबत्यात आनि बिड्या फुकत्यात," असं शेजारच्या किशनला तोंडावर ऐकवायचा.

चाळीस वर्षं त्यानं विणलेल्या साड्या दुकानांच्या नावावर खपल्या, ही मात्र त्याची खरी सल होती. म्हणून चिकोडीच्या एका हायस्कुलातल्या सुवर्णा मॅडम अंतराळ दिनासाठी साडी विणायला सांगायला आल्या, तेव्हा त्यानं एकच अट घातली. "माईकवर माजं नाव घ्याचं. पुरं नाव, वडगावसकट."

मॅडम कबूल झाल्या. पाहुण्या शास्त्रज्ञबाई ती साडी तिथंच नेसणार होत्या. पदरावर चार चित्रं हवी होती. दोघा भावांनी उडवलेलं पहिलं विमान, आपल्या लोकांनी सायकलीवरून नेलेला रॉकेटचा शेंडा, चंद्रावर उतरलेला पहिला माणूस आणि चंद्राच्या दक्षिण टोकाकडं उतरलेलं आपलं यान.

"सायकलीवरनं रॉकेट?" अण्णा फिस्कन हसला. "म्हंजे आमच्यागतच की! आमी सूत न्हेतो, त्येनी रॉकेट." माणसानं आभाळ गाठलं याचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. ते आपण रेशमात उतरवणार, याचं होतं.

नेहमीच्या रीतीनं त्यानं आधी साडीचं अंग विणलं आणि पदर शेवटाला धरला. आजवर त्याच्या पदरावर चौकटी आणि चांदण्या असत, कुठूनही पाहा, सारख्याच. त्यांना ना डोकं ना पाय. आता एकेक धागा बोटानं उचलून, मागावर बसल्या जागेवरून सरळ दिसतील अशी चित्रं तो उभी करत गेला.

बायको जयाबाई बाजूला चरख्यावर धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरत होती. तिसऱ्या दिवशी तिचा हात थांबला. "अवो, पदराचं टोक तर तिकडल्या अंगाला. खांद्यावरनं मागं सोडला की टोक खाली जातंय. मग ह्यो मानूस..."

"तू कांड्या भर," अण्णा खेकसला. "मागातलं तुला काय कळतंय? जलमभर साड्या नेसलीस, एक तरी इनलीस का?"

"नेसती म्हनूनच सांगती की," ती म्हणाली आणि पुन्हा चरखा फिरवू लागली.

मॅडमनी फोटो मागवला. अण्णानं तो बसल्या जागेवरूनच काढला. चित्रं अगदी सरळ आली, मॅडम खूश झाल्या. अण्णानं फोनवरचं ते कौतुक जयाबाईला दोनदा वाचून दाखवलं.

कार्यक्रमाला तो फेटा बांधून गेला. जयाबाई बरोबर होतीच, जळवायला म्हणून किशनलाही नेलं. शास्त्रज्ञबाई हेडमास्तरांच्या खोलीत घाईघाईनं साडी नेसून आल्या. चित्रं सगळ्यांना दिसावीत म्हणून त्यांनी पदर मोकळा सोडला होता. समोरून साडी झकास दिसत होती. मग दिवा लावायला त्या वळल्या आणि सभागृहाकडं त्यांची पाठ झाली.

विमान पालथं पडलं होतं. सायकलीची चाकं वर होती. चंद्रावरचा माणूस डोक्यावर उभा होता आणि आपलं यान चारी पाय आभाळाकडं करून लोळत होतं.

पोरं खिदळायला लागली. किशननं तर बाक वाजवला. सुवर्णा मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. जयाबाई तेवढी हसली नाही. एवढी चांगली साडी, एवढा चांगला हात, आणि एक शब्द ऐकून घ्यायला झालं काय होतं, म्हणून तिला मनापासून राग आला होता.

निवेदन करणारी निशा कागदातून डोकं वर काढत नव्हती. "ही साडी विणणारे कलाकार, वडगावचे परशुराम यल्लाप्पा ढवळी यांनी व्यासपीठावर यावं!"

अण्णा खुर्चीत खाली खाली सरकला. आवाज पोचला नसेल असं वाटून निशानं माईक जवळ ओढला आणि नाव पुन्हा घेतलं, अजून मोठ्यानं.

जयाबाईनं त्याच्या दंडाला धरलं.

"उठा की. तुमचंच नाव हाय. वडगावसकट."