चार बोटांची फट

आमचे हे सुतार आहेत, त्यामुळे घरात बोलण्यापेक्षा ठोकाठोक जास्त. मी रुसले की हे एक स्टूल करून आणतात. लग्नाला सतरा वर्षं झाली आणि घरात स्टुलं नऊ आहेत, यावरून काय तो हिशेब लावा.

माझं दुखणं मात्र स्टुलाने जाणारं नव्हतं. फायब्रोमायल्जिया. हे नाव पाठ व्हायलाच मला आठवडा लागला. तपासण्या सगळ्या स्वच्छ, आणि अंग खांद्यापासून पोटरीपर्यंत ठणकतंय. पूर्वी मी लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी दिवसभर उभी असायची, आता काउंटरवर बसून कपड्यांना चिठ्ठ्या लावते. दिसायला धडधाकट, म्हणून सहानुभूतीही बेताचीच. "जरा फिरत जा हो," असं सांगणारे पैशाला पासरी.

गंमत म्हणजे फिरायचंच होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दम देऊन सांगितलं, रोज वीस मिनिटं चालायचं, दुखत असलं तरी आणि बरं वाटत असलं तरी. एकविसावं मिनिट नाही. "चांगल्या दिवशीच तुम्ही माती खाता," असं त्या म्हणायच्या आणि ते खरंच होतं. जरा बरं वाटलं की मी कपाटं उपसायला घ्यायची, मग पुढचे चार दिवस आडवी. मग शिकले. गरम पाण्याने शेक, ठरल्या वेळी झोप, दुपारनंतर चहा बंद. दुखणं गेलं नाही. पण ते कशाने चिडतं आणि कशाने गप्प बसतं, एवढं कळायला लागलं.

त्या झोपेपायीच मी ह्यांना बाहेरच्या खोलीत घालवलं. हे कूस बदलायचे, पलंग हलायचा आणि माझ्या कमरेत कळ उठायची. एकदा मीच वैतागून म्हणाले, "अहो, तुम्ही बाहेर झोपा ना!" हा भला माणूस उशी काखोटीला मारून गेला तो दोन वर्षं परतलाच नाही. दारातूनच "काही हवंय का?" विचारायचे. चहासुद्धा माझ्या हातात न देता टेबलावर ठेवायचे. लेक गळ्यात पडायला आली की तिला अडवायचे, "आईला दुखतं, धरू नकोस."

मला काय हवं होतं ते सांगते, त्यात लाज कसली? सकाळी जाग आल्यावर हात पसरावा आणि तो ह्यांच्या पाठीला लागावा, एवढंच हवं होतं. एकदा लाँड्रीत ह्यांच्याच मापाचा कुणाचा तरी शर्ट आला. मी तो हातात धरून बसूनच राहिले. गिऱ्हाईक घाबरलं, म्हणालं, "डाग जाणार नाही का हो?"

पण परत या म्हणायला जीभ रेटत नव्हती. घालवलं मीच होतं. आणि हे आले, पुन्हा कळ उठली, तर दुसऱ्यांदा कोणत्या तोंडाने जा म्हणू?

गेल्या महिन्यात चालता चालता ह्यांच्या कारखान्यावरून गेले. दारातून दिसलं, हे पलंगाची चौकट बसवत होते. अरुंद, एका माणसाचा पलंग. गिऱ्हाइकाचं काम असतं तर घरी चार वेळा त्याचं पुराण ऐकवलं असतं. याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे बाहेरच्या खोलीत कायमचं बस्तान बसवायचं ठरलं तर! मला इतकं भरून आलं की मी परत फिरायचं विसरले आणि पन्नास मिनिटं चालत राहिले. ते पुढचे तीन दिवस निस्तरलं.

रविवारी सकाळी टेम्पो आला. त्यातून एक नाही, दोन पलंग उतरले. ह्यांनी आमच्या खोलीतला जुना पलंग बाहेर काढला आणि दोन्ही नवे शेजारी शेजारी मांडले.

"पाय वेगळे, चौकट वेगळी," घाम पुसत हे म्हणाले. "मधे चार बोटं फट ठेवलीय. मी कितीही लोळलो तरी तुझ्यापर्यंत काही पोचणार नाही. दोन वर्षं डोकं खाजवतोय, आत्ता कुठे जमलं. पड बघू."

दोन वर्षं! म्हणजे ह्यांनाही यायचं होतं. मी पडले. हे पलीकडच्या पलंगावर पडले आणि धाडकन कूस बदलली.

"हललं?"

"नाही."

"बघ!" ह्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

मी हात पसरला. कोपर मधल्या फटीत घसरलं आणि हात तिथेच लोंबत राहिला, ह्यांच्यापर्यंत गेलाच नाही. मग मला रडूच फुटलं.

"काय झालं? दुखलं का?"

"अहो, ते जोडा."

"अगं, पण दुखेल तुला."

"तुम्ही बाहेर होतात तेव्हा काय दुखत नव्हतं? नुसतं दुखत होतं, आणि शेजारी कुणी नव्हतं. तुम्ही हललेलं मला कळायला हवंय."

 हे उठले, कमरेने रेटून पलंग सरकवला आणि दोन्ही चौकटी बोल्टने एकत्र आवळल्या. पुन्हा येऊन पडले ते अगदी काठाला, अंग चोरून. श्वाससुद्धा धरला होता.

"श्वास तरी घ्या," मी म्हणाले.

हे हसले आणि माझ्याकडे वळले. पलंग हलला. कमरेतून कळ निघाली ती थेट खांद्यापर्यंत गेली.

"दुखलं?" ह्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "सरका अजून जरा इकडे."