कुंकू लागलेला पासपोर्ट

मित्रांनो, माझा वरचा एक कोपरा कात्रीने कापलेला आहे. आमच्यात याचा अर्थ 'तुझं काम संपलं' असा होतो. मी कल्याणच्या धाकूरावांचा जुना, रद्द झालेला पासपोर्ट. माझ्या छत्तीस पानांवर एकाही देशाचा शिक्का नाही, तरी माझ्यामुळे एका घरात केवढा घोळ झाला ते मला सांगायचं आहे. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

सात वर्षांपूर्वी पोस्टमनने सही घेऊन मला या घरात दिलं. निळं जाकीट, त्यावर सोनेरी सिंह, त्यामुळे मी फार तोऱ्यात होतो. धाकूराव माजिवड्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. मुलगी रसिका म्हणाली होती, बाबा, काढून ठेवा, कधीतरी लागेल. मग मला कपाटात रेशनकार्डाशेजारी ठेवलं गेलं. रेशनकार्ड अधूनमधून बाहेर फिरून यायचं आणि मी डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून राहायचो. दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, जाऊ या कुठेतरी. मग कुणाचं तरी लग्न निघायचं, नाहीतर कुणाचा गुडघा दुखायचा, आणि जाणं राहून जायचं.

मागच्या वर्षी जूनमध्ये धाकूरावांना काचबिंदू निघाला. तो बरीच वर्षं गुपचूप आपलं काम करत होता. समोरचं त्यांना स्वच्छ दिसायचं, पण कडेचं मिटत चाललं होतं. त्यामुळे ते रस्त्यात लोकांना धडकायचे आणि लोक त्यांच्यावर डाफरायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल हेही सांगता येत नाही. त्या दिवशी धाकूरावांच्या पत्नी कलावतीबाई यांनी घरी येऊन चप्पल काढली आणि थेट कपाट उघडलं. मला आणि त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टला त्यांनी बाहेर काढलं.

"अहो, आता जायचं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नीट दिसतंय तोवर."

नदीवरची बोट ही कल्पना त्यांचीच. समुद्रावरच्या मोठ्या जहाजातून नुसतं पाणीच दिसतं आणि परक्या शहरांच्या गर्दीतून धाकूरावांना चालवत नेणं अवघड होतं. नदीवर मात्र माणसाने खुर्चीत बसून राहायचं, दोन्ही काठ आपणहून समोर येतात. युरोपातली ऱ्हाईन नदी ठरली. आठ दिवस, एप्रिलचा शेवट, उतारावर द्राक्षांचे मळे आणि टेकड्यांवर जुने किल्ले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर बाईंनी यादी केली. किल्ले सकाळी लागतात की दुपारी? ह्यांना ऊन डोळ्यांवर येणार नाही ती बाजू कोणती? ठेंगण्या पुलांखालून जाताना वरचा डेक बंद करतात म्हणे, तो किती वेळ? ह्यांना भात मिळेल का? ठाण्याचा टूरवाला फोनवर मेटाकुटीला यायचा. मला मात्र गुदगुल्या होत होत्या, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझा नंबर कागदावर उतरवून घेत होतं.

मग दसरा आला. धाकूराव दर दसऱ्याला आपली हत्यारं पुजतात. नोकरी संपली तरी मापं घ्यायचे व्हर्निअर आणि मायक्रोमीटर, कानस आणि नट आवळायचे दोन पाने पाटावर मांडायचे ते चुकत नाहीत. या वेळी कलावतीबाईंनी आम्हा दोघा पासपोर्टांनाही पाटावर जागा दिली. स्वतःच्या पासपोर्टला त्यांनी वरूनच बोट टेकवलं. मला मात्र उघडलं. माझ्या आतल्या पानावर धाकूरावांचा फोटो आहे. त्या फोटोच्या कपाळाला त्यांनी ओलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. एवढा मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. मी हुरळून गेलो. कुंकू ओघळून खाली यंत्राने वाचायच्या ओळींपर्यंत गेलं होतं, हे मला कळलंही नाही. मला तसंच मिटून परत कपाटात ठेवलं.

जानेवारीत व्हिसाची तारीख मिळाली. दोन दिवस आधी झेरॉक्ससाठी बाईंनी मला उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं, निघेना. मग रसिकाची नेलपॉलिश काढायची बाटली आणली आणि कापूस भिजवून घासलं. कुंकू गेलं, पण त्याबरोबर माझ्या पानावरचा पातळ पापुद्राही पांढुरका झाला. आकडे फिसकटले, धाकूरावांचा चेहरा धुक्यात गेल्यासारखा दिसायला लागला. बाईंनी मला पदराने पुसलं आणि कुणालाही काही न सांगता पिशवीत ठेवलं. चालेल, थोडंसंच तर आहे, असं त्या स्वतःशी पुटपुटत होत्या.

चाललं नाही. व्हिसाच्या काउंटरवरच्या मुलीने मला तीनदा यंत्रात घातलं आणि परत दिलं. पान खराब आहे, नवा पासपोर्ट काढून या, असं ती शांतपणे म्हणाली. धाकूरावांना काहीच उलगडा होईना. त्यांनी मला डोळ्यांसमोर धरून पाहिलं आणि कपाटात पाणी झिरपलं असेल म्हणाले. कलावतीबाई पिशवीतले कागद लावत बसल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे आहे?

नव्या पासपोर्टसाठी प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. जुना कसा खराब झाला ते त्यात लिहावं लागतं. रसिका लॅपटॉप घेऊन बसली आणि तिने विचारलं, "बाबा, काय टाकू? पाणी पडलं?"

"पाणी नाही," कलावतीबाई म्हणाल्या. "मी केलंय ते."

त्यांनी दसऱ्यापासून सगळं सांगितलं. रसिकाची बोटं थांबली. धाकूराव उठून गॅलरीत गेले. जाताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागला. दोन दिवस ते बाईंशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, ताट सारून उठायचे. बाईंनी एकदाही सबब सांगितली नाही, आणि तेच मला जास्त बोचलं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना ते म्हणाले, "माझ्याच कपाळाला लावलंस ना, दुसऱ्याच्या नाही. जाऊ दे." बाई तेव्हा कुठे रडल्या.

पण बोट थांबत नाही. अर्ज, पोलीस तपासणी, आणि नवा पासपोर्ट हातात येईतो मार्च उलटला. एप्रिलच्या शेवटाआधीची व्हिसाची तारीख उरली नव्हती. बोट त्यांना सोडून गेली. टूरवाल्याने सप्टेंबरची जागा दिली, पण तेव्हा नदीचं पाणी कधीकधी इतकं उतरतं की बोट चालत नाही आणि मधला टप्पा बसने पार करावा लागतो, हेही सांगितलं. मेमध्ये डोळ्यांची पुन्हा तपासणी झाली. नजर आणखी आक्रसली होती. सप्टेंबरला अजून चार महिने होते.

आता कलावतीबाई कपाटावर विश्वास ठेवत नाहीत. नवा पासपोर्ट आणि मी, दोघंही रबरबँड लावून त्यांच्या पर्समध्ये असतो. म्हणून एका संध्याकाळी मीही शहाडला उल्हास नदीच्या काठी होतो. बाईंनीच रिक्षा करून धाकूरावांना तिथे आणलं होतं. ह्यांना जे दिसणार नाही ते आपण बोलून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्याचा सराव करायचा होता.

"अं, पाणी आहे," त्यांनी सुरुवात केली. "हिरवं आहे. म्हणजे पाणी नाही दिसत, जलपर्णीच आहे सगळी. उजवीकडे दोन बगळे आहेत. उडाले."

धाकूराव हसले. पुढची पंधरा मिनिटं बाई धापा टाकत एकेक वस्तू मोजून दाखवत होत्या आणि दर वेळी विचारत होत्या, कळलं का, दिसलं का. शेवटी धाकूरावांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"कला, ते राहू दे. तुला काय बघायचंय तिकडे?"

बोटीची खोली, डोळ्यांची औषधं, व्हिसा, सगळं बाईंना पाठ होतं. या एका प्रश्नाचं उत्तर मात्र नव्हतं, कारण तो त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी स्वतःही विचारला नव्हता. बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "हसाल तुम्ही. त्या काठावरच्या मोठमोठ्या घरांतल्या बायका कपडे कुठे वाळत घालतात, ते बघायचंय मला. फोटोत कुठेच दिसत नाहीत."

धाकूराव हसले नाहीत. म्हणाले, "मग तू ते बघ. आणि मला ते सांग."

मित्रांनो, सप्टेंबरला आता थोडेच दिवस राहिले आहेत. नदीला पाणी असेल का आणि धाकूरावांना काय दिसेल, ते मला माहीत नाही, आणि त्याची धास्ती या घरात सगळ्यांना आहे. तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे. आमच्यासारख्या कागदांना कोरडं ठेवा, आणि 'कधीतरी'साठी कपाटात कोंडू नका. आणि तुमच्या घरात कुणी दुसऱ्यासाठी जिवाचं रान करत असेल, तर त्या माणसाला एकदा जवळ बसवून विचारा, तुला काय बघायचंय. विचारून लगेच उठू नका. उत्तर यायला वेळ लागतो.