दोघींचा एक पट्टा

शांत बसलेल्या माणसाची छाती श्वासागणिक फार थोडी फुगते. पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. मला मात्र जाणवते. मित्रांनो, मी श्वास मोजणारा एक जुना पट्टा आहे. छातीभोवती बांधले की माझ्यातली रबरी नळी ताणली जाते, सैलावते आणि संगणकाच्या पडद्यावर लाट उमटते.

बेळगावच्या एका प्रयोगशाळेत पारमिताने मला हाती घेतले. ध्यानात श्वासाचे काय होते, हा तिचा अभ्यास. सकाळी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना मला बांधून मौन प्रार्थनेला बसत. संध्याकाळी निपाणीत पारमिताची आई कोंडाबाई आनापान करी, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाही. दोघींच्या लाटा हळूहळू संथ होत.

"सारख्या दिसतात. सारख्या आहेत की नाहीत, ते अजून ठाऊक नाही," पारमिता म्हणे.

त्या दोघी कधी भेटल्या नव्हत्या. ओळख काय ती माझ्यामार्फत.

"खोबरेल लई चोपडती वाटतं गं तुझी सिस्टर," कोंडाबाई मला हुंगून म्हणे.

"आईला सांग, पट्ट्याला फोडणीचा वास येतो. प्रार्थनेत भूक लागते मला!" सिस्टर हसत.

माझे कापड विरले तेव्हा कोंडाबाईने वडगावच्या साडीचा काठ जोडला. हूक तुटला, तो सिस्टरनी बसवला. नवे यंत्र आले तरी पारमिताने मला टाकले नाही. मित्रांनो, तुमच्याही घरातल्या जुन्या वस्तूला एखादा टाका घालून पाहा. किती हातांची ऊब तिला ठाऊक असते!

सिस्टरची एकच इच्छा होती. कोंडाबाईने एकदा कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये यावे, दोघींनी शेजारी बसावे. कोंडाबाई दोन वर्षे टाळत आली.

"माझ्या आप्पांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवापासनं आमच्या घरात कुणी देवापुढं हात जोडलं न्हाईत. तिथं जाऊन तशीच बसले, तर तिला वाईट वाटंल. हात जोडले, तर मला."

पारमिताने कधी आग्रह केला नाही.

काल कळले, सिस्टरची बदली झाली. रविवारी त्या मंगळूरला जाणार. संध्याकाळी कोंडाबाई मला बांधून बसली, पण लाट काही संथ होईना. शेवटी तिने डोळे उघडले.

"काढ गं ह्यो पट्टा."

"बरं वाटंना व्हय, आई?"

"उद्या सकाळी मला बेळगावला ने. हात जोडणार न्हाय, गुडघं टेकणार न्हाय. पण त्या बाईच्या शेजारी बसणार हाय मी."