दोन माणसांचा आकडा

पासबुक छापणारं यंत्र थांबायचं नाव घेत नव्हतं. गंगाखेडच्या बँकेत माझ्या मागे आठ माणसांची रांग उभी होती आणि माझ्या पासबुकावर ओळीमागून ओळ उमटत होती. मी परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. महिन्यातून एकदा पगार जमा होतो, तेवढीच काय ती माझ्या खात्यातली हालचाल. पासबुक बाहेर आल्यावर बघते तर पाच दिवसांत अकरा नावं. दत्तराव, वीस हजार. आश्रुबा, वीस हजार. गोपाळकाका, वीस हजार. सगळी राणीसावरगावची, म्हणजे माझ्याच गावची माणसं. कुणाचे कमी नाहीत, कुणाचे जास्त नाहीत, पंगतीत वाढल्यासारखे प्रत्येकी वीस हजार. आणि खाली शिल्लक बरोबर बारा लाख.

दुसऱ्या कुणाच्या खात्यात असं झालं असतं तर त्यानं पेढे वाटले असते. मी मात्र घाबरून ती नावं पुन्हा एकदा मोजली.

त्याचं असं होतं. कॅनडात कायमचं राहायला जायचं तर नुसती परीक्षा आणि अनुभव पुरत नाही. तिथली नोकरी आधीच हातात नसेल तर, गेल्यावर सरकारवर भार न होता आपण स्वतःच्या पायावर उभे राहू, हे दाखवावं लागतं. दाखवायचं म्हणजे बँकेत तेवढे पैसे असावे लागतात. एका माणसाला साधारण साडेनऊ लाख. माझ्याकडे नऊ लाख ऐंशी हजार होते. आठ वर्षांच्या रात्रपाळ्या, सणासुदीच्या ड्यूट्या आणि न घेतलेल्या साड्या त्यात होत्या. हे पैसे आपले स्वतःचे असावे लागतात, उसने चालत नाहीत. तिथले लोक मागच्या सहा महिन्यांचे व्यवहार बघतात. मध्येच मोठी रक्कम आली तर ती कुठून आली विचारतात आणि उत्तरात खोटेपणा सापडला तर पाच वर्षं दार बंद. माझे कागद ऑनलाइन चढवायला सहा दिवस उरले होते. खात्याचं पत्र घ्यायलाच मी त्या दिवशी बँकेत आले होते.

माझा खाते नंबर गावात एकाच माणसाला पाठ आहे. मी पत्र न घेताच स्कूटी गावाकडं वळवली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मी पासबुक त्यांच्यापुढं धरलं. "अण्णा, हे काय केलंय तुमी?"

त्यांनी ते हातात घेऊन डोळ्यांपासून लांब नेलं. "बारा झाले का?"

"झाले. पण तुमाला कुणी सांगितलं व्हतं?"

"आसू दे. आठ दिवसानं ज्याचे त्याला परत द्यायचेत. तशी जबान देऊनच घेतलेत मी."

"माझे पुरत व्हते, अण्णा."

"असं काठोकाठ नसावं," ते म्हणाले आणि परत शेंगांकडं वळले. त्यांच्या बाजूनं विषय संपला होता.

अण्णांचं नाव बन्सीधर. चौतीस वर्षं रेल्वेत होते, त्यातली बहुतेक की-मन म्हणून. रोज सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचा, रूळ जागेवर धरणारी लोखंडी चावी सैल झाली असली तर हातोडीनं ठोकून बसवायची आणि आल्या वाटेनं परत यायचं. आयुष्यात त्यांनी कुणाकडं काही मागितलं नाही. सायकलची हवा गेली तर ती हातात धरून गंगाखेडपर्यंत ढकलत नेतील, पण शेजारी पंप मागायचे नाहीत. महिनाअखेरीला घरात साखर नसली की ते बिनसाखरेचा चहा पीत. माझी आई, कमलबाई, त्यांच्या पाठीमागं शेजारून वाटीभर साखर आणायची आणि आपल्याच डब्यात निघाली म्हणून सांगायची. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

आमच्याकडं दाखवण्यासाठी वस्तू आणायची रीत आहे, नाही असं नाही. पोरीला बघायला पाहुणे येणार असले की शेजारची म्हैस आपल्या दावणीला येते, कुणाच्या तरी चांगल्या खुर्च्या बैठकीत येतात. मला बघायला आले तेव्हा गोपाळकाकांनी, म्हणजे अण्णांच्या चुलतभावानं, न विचारताच दत्तरावांचा ट्रॅक्टर आमच्या दारात आणून लावला. अण्णांनी तो पाहुणे यायच्या आधी परत पाठवला. "जे आपलं न्हाई ते दाखवायचं न्हाई," म्हणाले. ती सोयरीक जमली नाही. ट्रॅक्टर असता तरी जमली नसती, त्या लोकांना चारचाकी हवी होती.

आणि तोच माणूस आता अकरा दारं फिरून आला होता. मला राग आला होताच, पण त्याहून जास्त मला ते कळत नव्हतं.

माझा अर्ज मुकुल सर बघत होते. परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरून देणारं त्यांचं लहानसं ऑफिस नांदेडला आहे. मी ओट्यावरूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं. अण्णांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू ठेवला.

"घाबरू नका," मुकुल सर म्हणाले. "अकरा जणांकडून बक्षीसपत्रं करून घ्या. दिलेले पैसे परत मागणार नाही, एवढं लिहायचं. पुष्कळ लोक करतात."

"परत मागणार न्हाईत कसं?" अण्णा मध्येच बोलले. "परत तर द्यायचेच हायेत."

"काका, ते नुसतं कागदावर."

"कागदावरच तर खोटं लिवायचं नसतंय."

"मग हे खात्यात काय करून ठेवलंय?" मी विचारलं. अण्णांनी हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली.

मुकुल सर म्हणाले, "मग दुसरा मार्ग. सगळ्यांचे परत करा आणि त्याची नोंद जोडा. सोबत काकांचं प्रतिज्ञापत्र द्या. पैसे का घेतले, ते खरं कारण त्यात लिहा. अधिकाऱ्याला पटलं तर निभावेल."

"आणि न्हाई पटलं तर?" अण्णांनी विचारलं.

पेशंटच्या नातेवाइकाला आमचे डॉक्टर सांगतात तसं ते म्हणाले, "आपण आपल्याकडून सगळं करू."

पैसे मी त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवरून परत केले. अण्णा शेजारी बसून एकेकाला फोन लावत होते. पैसे आले का, हे विचारल्याशिवाय पुढच्याचं नाव घेऊ देत नव्हते. आश्रुबा फोनवर म्हणाले, "एवढ्यात येऊन गेले बी का पाव्हणे?" अण्णा म्हणाले, "पाव्हणे यायचेत आजून. पर त्यांला घरचंच दाखवायचं ठरलंय." आश्रुबांना ते पटलं नसावं. कमी पडलं तर पुन्हा सांगा म्हणाले.

अकरावा फोन झाल्यावर आम्ही गंगाखेडला गेलो. कोर्टाबाहेर नागेश नावाचा एक टायपिस्ट बसतो, प्रतिज्ञापत्रं तोच करून देतो. त्यानं नाव, वय, गाव असं भराभर टाइप केलं आणि थांबला.

"कारण सांगा, काका. पैसे कामून घेतले?"

अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक घडी काढली. माझ्याच हातचा कागद होता तो. अर्जाची तयारी करताना मी आकडे उतरून घेतले होते आणि कॅलेंडरमागं खोचून ठेवले होते. कुटुंबातली माणसं एक असतील तर इतके, दोन असतील तर इतके, तीन असतील तर इतके.

"हे बगा," अण्णांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "दोन माणसं असली तर बारा लाखाच्या जवळपास. पोरीकडं दोन-सव्वादोन लाख कमी व्हते."

नागेशनं आधी कागदाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "तुमी बी चाललात का कॅनडाला?"

"न्हाई. मी कशाला जातो?"

"मंग तुमाला कामून मोजलं?"

"कुटुंबात माणसं किती, असं इचारलंय त्यात. घरात आमी दोघंच हाव." अण्णांनी कागद परत घडी केला. "दुसरं माणूस मीच हाय. माझ्यामुळं आकडा वाढला व्हता."

मी बाकड्यावर बसले होते. "मग मला इचारायचं की, अण्णा," एवढंच म्हटलं.

"इचारलं असतं तर तू थांबली असतीस. आणिक दोन-तीन वर्षं पैसे साठवत बसली असतीस. माझ्या एकट्यापाई." त्यांनी नागेशकडं वळून विचारलं, "हे लिवलं तर चालतंय का?"

मला फार वाईट वाटलं. पंप मागायलासुद्धा लाजणारा हा माणूस, आपलाच बोजा पोरीच्या वाटेत आडवा आलाय असं धरून गावभर हिंडला होता. मी ओट्यावर त्यांच्यावर डाफरले होते, तेही आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. "अण्णा, त्यात नवरा-बायको आणि लेकरं धरतेत. आई-बाप धरत न्हाईत. माझ्या अर्जात कुटुंबात माणूस एकच हाय."

"एकच?"

"एकच."

त्यांनी घडी केलेला कागद पुन्हा उघडला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "मंग तुझे पैसे पुरतेत?"

"पुरून वर उरतेत."

"लय बरं झालं," अण्णा म्हणाले. "पंधरा दिवस अन्न गोड लागत नव्हतं मला. माझ्यापाई अडतंय असं वाटायलं व्हतं." मग पहिल्यांदाच हसले आणि चहा पिऊ म्हणाले. चहावाल्याकडून त्यांनी दोन बिस्किटंही घेतली. त्यांना हलकं वाटत होतं, ते दिसत होतं. मलाही वाटत होतं, पण माझं बिस्किट मी त्यांच्याच बशीत ठेवलं.

प्रतिज्ञापत्र त्यांनी सांगितलं तसंच झालं. 'माझ्या कुटुंबात मी व माझी मुलगी अशी दोन माणसे असल्याने मी असे समजलो,' हे वाक्य मुकुल सरांनी इंग्रजीत करताना गाळायचा विचार केला होता. मी गाळू दिलं नाही. बँकेचं पत्र, पैसे परत गेल्याच्या नोंदी आणि ते प्रतिज्ञापत्र असं सगळं मुदतीच्या एक दिवस आधी चढवलं.

पुढचे सहा महिने अण्णा रोज दोनदा विचारायचे, "पटलं का त्यांला?" एवढ्या लांबचा, कधी न बघितलेला कुणी अधिकारी आपल्या शब्दावर विश्वास ठेवील का, याचा त्यांना घोर लागला होता. आपण चूक केली आणि पोरीचं नुकसान झालं, हे त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. ऑक्टोबरात एका दुपारी मी ड्यूटीवर असताना ईमेल आला, पासपोर्ट पाठवा म्हणून. मी वॉर्डाबाहेर जाऊन फोन लावला.

"पटलं, अण्णा."

"चांगला माणूस दिसतोय," ते म्हणाले आणि फोन ठेवला. गोपाळकाकांनी नंतर सांगितलं की त्या दिवशी अण्णा अकराही घरी स्वतः जाऊन आले. कुणाकडं चहा घेतला नाही, नुसतं सांगून पुढं गेले.

नोव्हेंबर हा पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना. आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा बँकेला दाखवून द्यावं लागतं, मगच पुढची पेन्शन चालू राहते. आई गेल्यापासून दरवर्षी मीच अण्णांना घेऊन जायची. खिडकीशी मीच बोलायची, ते मागं उभे राहायचे. माझं विमान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतं, म्हणून महिना लागल्या लागल्या आम्ही गेलो. स्कूटी लावून मी निघाले तर अण्णांनी दारातच अडवलं.

"तू भाईर बस. पुढच्या साली कोण येणार हाय संगं?"

मी बाहेरच्या बाकावर बसले. काचेतून सगळं दिसत होतं. आधी त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला. अंगठा उमटेना. हातोडीच्या दांड्यानं त्यावरच्या रेघा केव्हाच पुसल्या आहेत. मग काउंटरवरच्या मुलीनं मोबाईल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला आणि स्वतःचे डोळे मिटून, उघडून दाखवले. त्यांनी तसं केलं. तिनं मान हलवली, जमलं नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा नाही. अण्णांनी वळून काचेकडं पाहिलं. मी उठायला लागले तशी त्यांनी हातानंच बस म्हणून खूण केली. चष्मा काढला, खिशातून दस्ती काढून डोळे पुसले आणि मोबाईलसमोर ताठ उभे राहिले. मग सावकाश डोळे मिटले आणि उघडले.

थोड्या वेळानं ते हातात पावती घेऊन बाहेर आले.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं. तिसऱ्यांदा घेतलं मशिननं." पावतीची घडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. "एकट्यानं जमतंय मला. चल, आता वर्षभराची काळजी मिटली," म्हणाले आणि माझ्या आधी पायऱ्या उतरू लागले.