एका कपाची चूल

निवृत्तीनंतर आंजी गावच्या गुणवंतरावांना जंगलात पायी भटकायचं वेड लागलं आणि त्यापाठोपाठ पाठीवरचं ओझं कमी करायचंही. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या डब्याची त्यांनी स्पिरिटवर चालणारी चूल केली, सायकलच्या तारा वाकवून भांडं ठेवायला तिवई केली आणि पार्सलच्या ॲल्युमिनियमच्या डब्या उलगडून वाऱ्याला आडोसा केला. सगळं मिळून ओंजळीत मावत होतं. गडी खूश!

चाचणी गच्चीवर झाली. वारा आला आणि आडोसा थेट शेजाऱ्याच्या अंगणात. तिथेच कपडे वाळत घालणाऱ्या त्यांच्या पत्नी बेबीबाई हसू दाबत आल्या आणि वाऱ्याकडे पाठ करून चुलीपाशी बसल्या. जाळ स्थिर झाला, चहा उकळला. गुणवंतरावांनी फुंकर मारून पहिला घोट घेतला, तेव्हा कुठे त्यांना बायको समोर बसलेली दिसली.

"तिवईवर एकाच कपाचं भांडं बसते," ते ओशाळून म्हणाले.

"दिसून राह्यलं," बेबीबाई म्हणाल्या.

गुणवंतरावांनी चहा खाली ठेवला. ओझं कमी करताना आपण सगळ्यात आधी कोणाला उतरवलं, हे त्यांना आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठं पातेलं मापाला घेतलं आणि रुंद तिवई केली. "हे पाह्य, तुया चहाची बी सोय झाली!"

बेबीबाईंनी तिवई हातात घेऊन पाहिली.

"पातेल्याचं माप घेतलं जी तुमी. पन मी जंगलात येईन का, हे अजूनबी इचारलं नाई."