पितळी योद्ध्याची तीन घरं

१९८३ साली भोजराजबाबूंच्या मेहुण्यानं अमेरिकेतून एका खेळाचं पुस्तक पाठवलं. गुहा, राक्षस, तलवारी. सगळं कागदावर आणि तोंडानं. इंग्रजी एकट्या भोजराजबाबूंना येई, म्हणून राक्षसही तेच आणि कायदाही तेच. दर रविवारी दुपारी भंडाऱ्यात इश्वरभाऊंच्या पितळी भांड्यांच्या दुकानामागे, वर्तमानपत्रावर घरं आखून युद्ध चाले.

इश्वरभाऊंनी आपल्या योद्ध्याला टाळूपासून टाचेपर्यंत पितळेचं चिलखत चढवलं होतं. समोरच्या स्टीलच्या दुकानाचे गोपीचंद, इश्वरभाऊंची गिऱ्हाइकं पळवणारे, त्यांचा योद्धा नुसत्या कातडी बंडीत. पैज लागली होती : ज्याचा योद्धा आधी मरेल, त्यानं दुसऱ्याच्या दुकानातली घागर दिवाळीपर्यंत आपल्या गल्ल्यावर मांडायची.

भोजराजबाबूंनी नियम वाचला. हलक्या कपड्यात एका पाळीला बारा घरं, पुऱ्या चिलखतात तीन.

"तीन? माणूस हाये का बैलबंडी?" इश्वरभाऊ म्हणाले.

"पितळ उतरवा ना भाऊ," गोपीचंद गोड आवाजात म्हणाले. "कायले वजन घेऊन फिरून राहिले? आता कोन घेते पितळ?"

"मरीन, पन उतरवनार नाई."

तेवढ्यात राक्षस दोघांना येऊन भिडला. गोपीचंदांनी आपला योद्धा, म्हणजे शर्टाचं बटण, उचलला आणि बारा घरं मोजत थेट गुहेच्या दाराशी नेला.

"थांबा," भोजराजबाबूंनी पान उलटलं. "भिडलेल्या शत्रूले पाठ दाखवून पळलं, तर त्याले एक वार फुकट भेटते."

"हे आधी काहून नाई सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठं?" भोजराजबाबू सरकारी नोकर होते.

फासा पडला. बटण उलटं पडलं, गोपीचंदांचा योद्धा मेला.

इश्वरभाऊंना पळणं शक्यच नव्हतं. राक्षसाकडे तोंड, ढाल पुढे, आणि एकेक घर मागे. वार पितळेवर आपटत राहिले. चहा दोनदा झाला, तेव्हा कुठं ते गुहेबाहेर पडले. गोपीचंद पितळी घागर काखेत घेऊन रस्ता ओलांडून गेले.

इश्वरभाऊ छाती काढून घरी आले. "पितळेची लाज राखली आज!"

बायकोनं, कुंताबाईंनी, ताट वाढलं. स्टीलचं, कोरं.

"हे कुठून आनलं?"

"गोपीचंदभाऊच्या इथून. जुनी पितळी ताटं मोडीत देल्ली. रोज चिंच लावून घासाले तुमी येता का?"

इश्वरभाऊंनी पाठ फिरवली नाही. ताटाकडे तोंड ठेवून पाटावर वीतभर मागे सरकले. मग भूक लागली होती, म्हणून पुढे आले.